रुग्णाशी नाते: एका छोट्या क्विअर नाट्यसंस्थेचा प्रयोग

एलजीबीटीक्यू रंगकर्मींनी चालवलेल्या या नाट्यसंस्थेचे प्रेक्षागृह जेमतेम चाळीस खुर्च्यांचे आहे आणि रंगमंच इतका जवळ आहे, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाने पाय लांब केले तर ते नटाच्या वाटेत येतात. हीच जवळीक संस्थेने आपले बळ केली आहे. सध्याच्या नाटकात उतारवयातले दोन पुरुष आहेत, त्यांचा अनेक वर्षांचा संसार आहे आणि एकाच्या आजारपणात रुग्णालयाच्या अर्जावरचा ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना कसा भरायचा, एवढाच पेच आहे. अर्ज समोर घेऊन बसलेल्या नटाचा अंगठा पेनाच्या टोपणावरून फिरत राहतो. मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगांना हे दिसलेच नसते, येथे मात्र ते सर्वांना दिसते आणि त्याला एकही वाक्य बोलावे लागत नाही. समलिंगी असणे म्हणजे काय हे समजावून सांगण्यात लेखकाने वेळ दवडलेला नाही, ही संहितेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

अशी रंगभूमी लहान जागांत वाढली, त्याला कारणेही होती. न्यूयॉर्क राज्यात १९२७च्या कायद्याने समलैंगिकतेचे रंगमंचीय चित्रण निषिद्ध ठरवले होते आणि ती तरतूद १९६७पर्यंत टिकली. तरीही जो चीनो यांनी १९५८मध्ये उघडलेल्या कॅफे चीनोत, कॉफीच्या टेबलांशेजारी, समलिंगी पात्रांची नाटके होऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या थिएटर रायनोसेरसने तर १९८४मध्येच, म्हणजे संस्थापक ॲलन एस्टेस यांचा एड्सने मृत्यू झाला त्याच वर्षी, एड्सवरचा प्रयोग उभा केला. ज्या विषयावर बोलायला मोठ्या संस्था बिचकतात, त्यावर वेळेत बोलण्याचे धाडस या छोट्या संस्थेतही जाणवते.

शेजारणीच्या भूमिकेतील पारलिंगी अभिनेत्री उत्तम काम करते, पण तिच्यावर अन्याय झाला आहे. नाटकभर ती इतरांचे सांत्वन करते. तिला स्वतःला काय हवे आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. पार्श्वसंगीतही अनेकदा संवादांवर कुरघोडी करते.

व्यवस्थेबद्दल मात्र मनापासून आदर वाटला. तिकीट कोणत्याही नावाने घेता येते आणि प्रेक्षागृहात छायाचित्रणाला सक्त मनाई आहे, कारण ज्यांनी घरी अजून काहीच सांगितलेले नाही असे लोकही येथे येऊन बसतात. प्रयोगानंतरच्या चर्चेत कोणालाही बोलण्याचा आग्रह केला जात नाही.

एक गोष्ट संस्थेने तातडीने बदलायला हवी. प्रेक्षागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही. ज्यांच्या वयाची आणि आजारपणाची ही कथा आहे, त्यांच्यापैकी अनेकांना तो जिना चढवणार नाही. निदान याच नाटकाचे काही प्रयोग तळमजल्यावरच्या एखाद्या सभागृहात व्हावेत, तेथे खुर्च्या आणखी कमी असल्या तरी चालेल.