अल्प्राझोलाम ०.२५, सात महिन्यांनंतर: याहून लहान गोळी हवी होती

अल्प्राझोलाम ही चिंता, घबराट यांवरची गोळी. ती काम करते, त्यात वाद नाही. डोसही सात महिने तोच आहे: सकाळी ०.२५ मिग्रॅ, रात्री ०.२५. तक्रार आहे ती सोडतानाची.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू, कारण त्यापायी माणसं जिवावर बेतून घेतात. 'गोळीची सवय लागली' या एका वाक्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. रोज गोळी मिळाली की मेंदूतले गाबा रिसेप्टर, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या रसायनाचे ग्राहक, तिच्याशी जुळवून घेतात, काही आठवड्यांतसुद्धा. मग ती एकदम थांबली की हात थरथरतात, झोप उडते, भांडं पडल्याचा आवाजही सोसत नाही. हे अवलंबित्व, चिठ्ठीबरहुकूम घेणाऱ्यालाही होतं. व्यसनात डोस मनाने वाढतो, दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या निघतात, 'स्ट्रिप हरवली' सांगून महिना संपायच्या आत नवी आणली जाते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येही, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू असेल तर त्याची सहनशीलता आणि सोडतानाचा त्रास हे व्यसनाचे निकष धरलेले नाहीत. स्ट्रिपवर सुरुवातीची तारीख लिहून ठेवा. पंधरा दिवसांत तीसच गोळ्या गेल्या, तर घरच्यांना हिशोब दाखवता येतो. 'व्यसन लागलं, आजपासून बंद कर' हा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते.

दुपारी चारच्या सुमाराला जीव कासावीस व्हायचा, तेव्हा वाटलं गोळी पुरत नाही. ते मत आता बदललंय. अल्प्राझोलामचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सरासरी ११ तासांचं, म्हणजे पुढच्या डोसाआधीच औषध उतरणीला लागतं. अशा वेळी डोस वाढवून मागण्याआधी त्रासाच्या वेळा डॉक्टरांना सांगा.

आता मूळ तक्रार. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात करावी, दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. ०.२५ ची गोळी अर्धी केली की ०.१२५. दिवसाचे ०.५ वरून ०.३७५ केले, तर पहिलीच कपात २५ टक्क्यांची. पुढची ३३, मग ५०, आणि शेवटी अर्ध्या गोळीवरून थेट शून्य. म्हणजे सगळ्यात मोठी उडी सगळ्यात शेवटी! पाव तुकडे सारखे पडत नाहीत, नुसता चुरा होतो. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी तर मोडायचीच नाही, सगळं औषध एकदम सुटतं.

यावर वाट आहे: डॉक्टर डायझेपाम या त्याच गटातल्या औषधावर नेऊ शकतात. ते सावकाश उतरतं, आणि अनेक तक्त्यांत ०.५ अल्प्राझोलाम म्हणजे साधारण १० मिग्रॅ डायझेपाम. २ मिग्रॅची गोळी अर्धी केली की १० टक्क्यांची पायरी हातात येते. वयस्कर माणसांत ते शरीरात साठतं, पडण्याची भीती असते. म्हणून हा बदल घरच्या घरी करू नये.

अल्प्राझोलाम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीत असल्याने दुकानदार चिठ्ठी मागणार, नोंद ठेवणार. त्याच्याशी भांडू नका. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच नवी चिठ्ठी घ्या. गजकर्णासाठी कोणी इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध लिहून दिलं, तर अल्प्राझोलाम चालू आहे हे आधी सांगा. दोन्ही एकत्र चालत नाहीत, रक्तातलं अल्प्राझोलाम वाढतं.