स्ट्रीमिंग, डिस्क की टॉरंट: पैसे भरणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

चित्रपट एकदा बघून विसरायचा असेल तर स्ट्रीमिंगला तोड नाही. महिन्याभराचं सदस्यत्व घ्यावं, हवं ते बघावं, बंद करावं. प्रश्न पडतो तो पुन्हापुन्हा बघण्याच्या चित्रपटांचा, आणि त्यातही चित्र नीट दिसावं असं वाटणाऱ्यांना.

स्ट्रीमिंगमधली एकच गोष्ट मला कायम खटकत आली आहे. ४के प्लॅनचे पैसे भरले तरी ४के मिळेलच असं नाही. तुमच्या उपकरणावर सेवेचा किती भरवसा आहे, त्यावर ते ठरतं. अँड्रॉइड फोनवर वाइडव्हाइन हे गूगलचं डीआरएम, म्हणजे चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप, असतं. त्याची पातळी एल१ असेल तर कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं. एल३ म्हणजे सगळं काम सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथे बऱ्याच सेवा ४८०पीच्या, म्हणजे साधारण डीव्हीडीच्या दर्जाच्या, आसपास थांबतात. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक केला की अनेक फोन एल१ वरून एल३ वर येतात; 'डीआरएम इन्फो' अॅपमध्ये 'सिक्युरिटी लेव्हल' बघितली की कळतं. संगणकावरच्या ब्राउझरची गतही बहुधा हीच, लिनक्सवर तर जास्तच. टीव्हीला बॉक्स जोडला तर बॉक्स, रिसीव्हर आणि टीव्हीचं नेमकं तेच पोर्ट, सगळ्यांना एचडीसीपी २.२ (केबलमधून जाणाऱ्या चित्राचं कुलूप) लागतं. मध्ये एक जुना स्प्लिटर (एक सिग्नल दोन ठिकाणी वाटणारा डबा) आला की ४के गेलं. टीव्हीच्या माहितीपट्टीवरही विसंबता येत नाही: तिथे ३८४० बाय २१६० दिसलं तरी बॉक्सने कमी रिझोल्यूशनचं चित्र ताणून पाठवलेलं असू शकतं. आणि या सगळ्यात 'तुम्हाला कमी दर्जाचं चित्र देतोय' असा साधा संदेशही बहुतेक वेळा येत नाही. माझा कौल डिस्ककडे फिरला तो इथे.

डिस्कचं तसं नाही. ब्लू-रेवर चित्राला ४० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके मेगाबिट) जागा असते, ४के डिस्कवर एकूण १२८ पर्यंत. ४के स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ मध्ये उरकतं. अंधाऱ्या दृश्यांत धुरकट चौकोन दिसतात ते यामुळेच. आवाजाचा फरक मला त्याहून मोठा वाटतो, पण साउंडबार साधा असेल तर तो कदाचित जाणवणार नाही.

दर वेळी डिस्क घालायचा कंटाळा असेल तर मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने संगणकावर प्रत काढून जेलीफिनवर (घरच्या घरी चित्रपट पुरवणारा सर्व्हर) ठेवता येते. साध्या ब्लू-रेच्या मूळ प्रतीला २० ते ४० जीबी लागतात, म्हणजे ४ टीबीत शंभरेक चित्रपट. ४के डिस्कसाठी ड्राइव्ह घेताना मॉडेलच नव्हे, फर्मवेअरही (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) प्रत काढायला चालणारं आहे का ते आधी तपासा. पुढे हमखास अडतं ते सबटायटलवर. ब्लू-रेची सबटायटल पीजीएस प्रकारची असतात, म्हणजे अक्षरं नसून चित्रं. टीव्हीच्या अॅपला ती जमली नाहीत की सर्व्हर ती चित्रावर छापायला घेतो, अख्खा चित्रपट ट्रान्सकोड होतो, म्हणजे बघता बघता नव्याने रूपांतरित होतो, आणि कमकुवत सर्व्हर धापा टाकतो. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये ओसीआर करून (चित्रातली अक्षरं ओळखून) त्यांची एसआरटी, म्हणजे साधी मजकुराची फाइल, केली की हे थांबतं.

टॉरंटवरून, म्हणजे इतरांच्या संगणकांतून, चित्रपट फुकट उतरवणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही, आणि पैसे भरणाऱ्याची चीड मला पूर्ण समजते. तरी टॉरंट म्हणजे नुसतं बघणं नव्हे: उतरवलेले तुकडे त्याच वेळी तुमच्याकडून इतरांना जात असतात, म्हणजे तुम्ही वाटपही करता. विकत मिळणाऱ्या चित्रपटासाठी मला त्याचं समर्थन करता येत नाही. कुठेच मिळत नसलेल्या जुन्या चित्रपटाबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलायला जीभ रेटत नाही.

स्वतःच्या डिस्कची प्रतही कायद्याने निर्धोक नाही. १९९६च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट करारानंतर अनेक देशांनी डिजिटल कुलूप तोडणंच बेकायदा ठरवलं, त्यामुळे आपल्याकडचा नियम बघूनच पुढे जा. पण निदान इथे चित्रपट करणाऱ्याला त्याचे पैसे पोचलेले असतात. म्हणून प्रत काढल्यावर डिस्क विकू नका. डिस्क गेली आणि प्रत राहिली, तर ती टॉरंटवरून उतरवलेल्या फाइलपेक्षा वेगळी राहत नाही.