गोदावरीच्या पाण्याची माहिती जोडायची कशात? एक्सेल, डेटाबेस की नॉलेज ग्राफ

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि गोदावरीवर चर्चा झाली की एक मागणी हमखास पुढे येते: सगळ्या खात्यांची पाण्याची माहिती एका जागी आणा. आता त्याला ‘नॉलेज ग्राफ करू’, म्हणजे काय कशाशी जोडलेलं आहे अशा नात्यांच्या जाळ्यात माहिती ठेवू, अशी जोडही मिळू लागली आहे. तुम्ही नदीवर काम करणारी संस्था असा, इंजिनिअरिंग कॉलेजचा गट असा किंवा निफाडकडची शेतकरी कंपनी, पैसे आणि माणसं गुंतवण्याआधी हे वाचून घ्या. माझा कल आधीच सांगतो. ग्राफ उपयोगाचा आहे, पण सगळ्यांना नाही, आणि पहिलं काम तर तो मुळीच नाही.

माहिती आज कुठे आहे? धरणांचा साठा आणि विसर्ग जलसंपदा विभागाकडे. निरीक्षण विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, तीही वर्षातून चार वेळा मोजलेली. नदीतला बीओडी (सांडपाण्याचं प्रदूषण दाखवणारं माप) आणि विरघळलेला ऑक्सिजन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. नाशिक शहराने उचललेलं पाणी आणि मलजल केंद्रं महापालिकेकडे, गावच्या नळयोजना जिल्हा परिषदेकडे, पाऊस हवामान खात्याकडे. प्रत्येकाची नोंद त्याच्या कामापुरती ठीक असते. ती शेजारच्याच्या नोंदीला जोडायला गेलं की घोडं अडतं.

अडतं ते असं. नाशिकचा माणूस धरणाचा साठा दलघफूमध्ये (दशलक्ष घनफूट) बोलतो, जायकवाडीकडचा दलघमीमध्ये (दशलक्ष घनमीटर), आणि वर्तमानपत्राला टीएमसी (अब्ज घनफूट) हवा असतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी म्हणजेच सुमारे ७६.६५ टीएमसी. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट यात येतो. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो, हे गणित ज्याच्या डोक्यात नाही तो तक्ता बघून गप्प बसतो. ‘धरण सत्तर टक्के’ म्हटलं तर टक्के उपयुक्त साठ्याचे की एकूण साठ्याचे, हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. नावांचा घोळ वेगळाच. नासर्डी आणि नंदिनी एकच नदी, वाघाडी आणि वरुणाही एकच. पिंपळगाव म्हणाल तर बसवंत, बहुला की खांब? गंगापूर म्हटलं की नाशिककराला धरण आठवतं, पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात त्याच नावाचा तालुका आहे आणि तोही गोदाकाठचाच. भूजलवाले पाणलोटाने मोजतात, राज्यात असे दीड हजारांहून जास्त पाणलोट. नळयोजना गावाने मोजतात आणि महापालिका प्रभागाने.

आता तिन्ही मार्ग. यांची तुलना सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांवरून करण्यात अर्थ नाही. तुम्हाला कोणता प्रश्न विचारायचा आहे, त्यावरून करा.

‘यंदा एक सप्टेंबरला गंगापूर धरणात मागच्या वर्षीपेक्षा पाणी कमी आहे का?’ याला एक्सेल पुरे. दुसरं काही घेऊ नका. एकच खातं, एकच माप, एकच ठिकाण. एक्सेलची खोड अशी की फाइल तीन जणांकडे गेली की तिच्या तीन आवृत्त्या होतात आणि पावसाळ्यातले तात्पुरते आकडे नंतर दुरुस्त झाले तरी जुनी फाइल फिरतच राहते. पण शिकवावं लागत नाही, ही बाजू हलक्यात घेऊ नये.

‘पालखेड डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या विहिरींची पातळी आवर्तनानंतर (कालव्याला पाणी सोडल्यानंतर) किती वाढते, आणि लाभक्षेत्राबाहेरच्या विहिरींची किती?’ इथे एक्सेल हात टेकतं. विहिरीचं ठिकाण, लाभक्षेत्राची हद्द आणि तारखा एकमेकांवर ठेवायच्या आहेत. हे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याला नकाशाची समज देणारी पोस्टजीआयएस ही जोड, यांचं काम. दोन्ही फुकट, मोकळ्या परवान्याची, आणि ती येणारी मुलं नाशिकमध्ये मिळतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाही लगेच दिसतो. नाशिकमधल्या बहुतेक संस्थांचे बहुतेक प्रश्न या जातीचे असतात, असं माझं मत आहे.

तिसरा प्रश्न जरा बघण्यासारखा आहे. नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या जागेत, पाण्याचा बीओडी वाढला. वरच्या अंगाला काय काय आहे आणि कोणाच्या अखत्यारीत? नकाशावर उत्तर सोपं वाटतं: गोदावरी, तिला मिळणारी दारणा आणि कादवा, त्यांचे ओढेनाले. पण पाणी नकाशावरच्या रेषांनी चालत नाही. मुकणे धरण दारणेच्या खोऱ्यात आहे. तिथलं पाणी पाइपातून विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून शहराच्या घरांत आणि घरांतून सांडपाणी होऊन गोदावरीकडे. म्हणजे दारणेचं पाणी दारणा गोदावरीला मिळते त्याच्या कितीतरी वरच गोदावरीत उतरतं. नासर्डी सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातून येऊन आगर टाकळीजवळ मिळते. उर्ध्व वैतरणेचं पाणी तर पश्चिमेला मुंबईच्या वाटेने जातं. नदी, पाइप, कालवा, गटार आणि मलजल केंद्र अशा पाच प्रकारच्या वाटा, आणि प्रत्येकीचा मालक वेगळा.

नॉलेज ग्राफ या ठिकाणी कामाला येतो. त्यात माहिती छोट्या विधानांनी साठवतात: ‘मुकणे – पाणी पुरवतं – विल्होळी केंद्र’, ‘नासर्डी – मिळते – गोदावरी’, ‘आगर टाकळी मलजल केंद्र – जबाबदारी – महापालिका’. नवीन प्रकारचं नातं सापडलं तर तक्त्यांची रचना मोडावी लागत नाही, आणखी एक विधान जोडलं की झालं. ‘या बिंदूच्या वर जे जे आहे ते सगळं दे’ हा प्रश्न स्पार्कल या ग्राफला प्रश्न विचारायच्या भाषेत एका ओळीत विचारता येतो. खरं सांगायचं तर पोस्टग्रेसमध्येही पुन्हा पुन्हा स्वतःला बोलावणाऱ्या क्वेरीने हे जमतं. नद्या एवढंच जाळं असेल तर खुशाल तिथेच करा. पाच प्रकारची नाती आणि चार खाती एकत्र आली की ती क्वेरी लिहिणाऱ्याखेरीज कुणाला वाचता येत नाही, आणि तो माणूस नोकरी बदलतो.

ग्राफची दुसरी जमेची बाजू वाटण्याची. आरडीएफ या ग्राफच्या खुल्या मांडणीत प्रत्येक धरणाला, विहिरीला, नमुना घेण्याच्या जागेला वेबवरचा कायमचा पत्ता देता येतो आणि दुसरं खातं आपली माहिती स्वतःकडेच ठेवून त्या पत्त्याकडे बोट दाखवतं. सगळं उचलून एका सर्व्हरवर आणायची गरज उरत नाही. आपल्याकडे खाती डेटा द्यायला का कचरतात हे माहीत असलेल्याला याची किंमत कळेल. अमेरिकेत ‘इंटरनेट ऑफ वॉटर’च्या कामात याच दिशेने जलबिंदूंना कायमचे ओळखपत्ते दिले जातात. नोंदींचा शब्दसंग्रहही नव्याने रचू नका. निरीक्षणांसाठी ‘सोसा’ हे मानक २०१७ पासून तयार आहे. त्यात काय मोजलं, कशाने मोजलं आणि कोणत्या पद्धतीने, हे वेगळं नोंदवता येतं. पुराचं पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की गळ्याला, ही नाशिकची नोंदसुद्धा त्यात सन्मानाने बसते, सेन्सरच्या आकड्याशी गल्लत न होता.

खर्चाची बाजूही बघा. तासाला एक नोंद देणारा सेन्सर वर्षात ८,७६० नोंदी देतो. प्रत्येक नोंदीला पाच-सहा विधानं लागली तर एका सेन्सरची वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास विधानं झाली. असे शंभर सेन्सर ग्राफमध्ये ओतणं म्हणजे हौस. म्हणून आकडे पोस्टजीआयएसमध्येच राहू द्या आणि ग्राफमध्ये फक्त नाती, ओळखी, मापं आणि ‘हा आकडा तात्पुरता की तपासलेला’ एवढंच ठेवा. आरडीएफ साठवणारं अपाची जेना हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते सांभाळणारा माणूस फुकट नाही आणि तो पोस्टग्रेसवाल्याइतका सहज मिळतही नाही. निओफोरजे हा दुसरा ग्राफ डेटाबेस शिकायला सोपा, चित्रं छान काढतो. कार्यालयाच्या आतल्या विश्लेषणाला तो घ्या, बाहेर वाटायचं असेल तर आरडीएफ.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद ग्राफने मिटणार नाही. या पाणीवाटपाचा नियम सुचवणाऱ्या २०१३ च्या मेंढेगिरी समितीने वरच्या धरणांचे मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड असे पाच समूह धरले. हे समूह, त्यांतली धरणं आणि ऑक्टोबरच्या मध्याचा साठा ग्राफमध्ये सुबक बसेल आणि कुठला आकडा कुठून आला हे कुणालाही तपासता येईल. पण भांडण नियमावर आहे, आकड्यावर कमी.

मग ठरवायचं कसं? एक-दोन खात्यांचे आकडे आणि नकाशा हवा असेल तर पोस्टजीआयएस घ्या आणि थांबा. चार खाती, वेगवेगळ्या वाटा आणि बाहेरच्यांना वाटायची इच्छा असेल तर त्याच पोस्टजीआयएसवर पातळ ग्राफ चढवा. सिंहस्थाचा निधी संपल्यावर नोंदी अद्ययावत ठेवणाऱ्याचा पगार कोण देणार, याचं उत्तर नसेल तर ग्राफच्या वाटेला जाऊ नका. तक्ता शिळा झाला की तारखेवरून कळतं, पण मलजल केंद्राची क्षमता बदलली किंवा नाला वळवला तरी ग्राफ जुनं नातं ठणकावून सांगत राहतो.

आणि काहीही निवडलंत तरी आधी ओळख क्रमांकांची यादी करा. गावांना केंद्राच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेचे कोड, पाणलोटांना भूजल यंत्रणेचे, नदी-नाल्यांना सगळ्या पर्यायी नावांसह एकच क्रमांक. जमिनीला गट नंबर असतो तसा. एवढं झालं तर साधी एक्सेलसुद्धा निम्मा प्रश्न सोडवते.

प्रयोगाला गंगापूर धरण ते नांदूर मध्यमेश्वर हा एकच पट्टा घ्या. प्रत्येक मिळणारा नाला, उचल, मलजल केंद्र आणि नमुन्याची जागा, सोबत जबाबदार कार्यालय, हे दोन माणसांनी आधी कागदावर मांडावं. प्रत्येक रेघेपुढे ‘हे कुणी सांगितलं’ लिहावं. ज्या रेघांपुढे ती जागा रिकामी राहील, त्यांची यादी घेऊन कार्यालयांत जा, आणि सर्व्हरचं कोटेशन त्यानंतर मागवा.