२६५/७५ की २३५/८५? ऑफ-रोड गाडीच्या टायरचा नवा आकार ठरवताना

टायर झिजले की 'या वेळी एक साइज मोठा टाकू' हा विचार ऑफ-रोड गाडीच्या मालकाच्या मनात येतोच. पण मोठा म्हणजे उंच की रुंद, हे आधी ठरवायला हवं. समजा, गाडीला ७ इंची रिमवर मूळचे २४५/७५ आर १६ टायर आहेत. तर पर्याय तीन: तोच आकार पुन्हा, २६५/७५ आर १६ किंवा २३५/८५ आर १६.

पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचा, पण रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. त्यामुळे नुसता ८५ आणि ७५ पाहून काही कळत नाही, गुणाकार करावाच लागतो. २३५ चे ८५ टक्के म्हणजे जवळपास २०० मिमी. त्याची दुप्पट करून १६ इंची रिमचे ४०६ मिमी मिळवले की टायरची उंची ८०६ मिमी येते. २६५/७५ ची ८०४ येते आणि मूळ टायरची ७७४. म्हणजे दोन्ही नवे टायर उंचीला सारखेच, रुंदीत मात्र ३० मिमीचा फरक.

उंची वाढल्याचा फायदा-तोटाही दोघांत सारखाच. ॲक्सलखाली, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसाखाली साधारण १५ मिमी जागा जास्त मिळते. ऐकायला किरकोळ वाटते, पण सॉलिड ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर असलेल्या) गाडीत डिफरन्शियल, म्हणजे आसाच्या मधला गिअरचा गोळा, जमिनीपासून वर उचलायचं तर बहुतेकांना टायर हाच मार्ग असतो. गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटने बॉडी वर जाते, ॲक्सल आहे तिथेच राहतो. याच्या बदल्यात गिअरिंग सुमारे ४ टक्क्यांनी उंच होतं, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते; त्यामुळे चढावर इंजिनावर ताण येतो आणि ब्रेकलाही जास्त काम पडतं. मीटर तंतोतंत असेल तर काटा १०० वर असताना गाडी १०४ ने धावते. अनेक मीटर मुळातच वेग थोडा वाढवून दाखवतात, म्हणून जीपीएसशी ताडून पाहा. इंजिन आधीच दमत असेल किंवा गाडी बहुतेक डांबरीवरच चालत असेल, तर २४५/७५ सोडू नका.

आता रुंदीचं. त्याच रिमवर २६५ चा टायर मूळ टायरपेक्षा आत आणि बाहेर प्रत्येकी १० मिमी सरकतो. स्टीअरिंग पूर्ण वळवलं आणि त्याच वेळी सस्पेन्शन दबलं, की तो मडगार्डच्या अस्तराला किंवा सस्पेन्शनच्या आतल्या आर्मला (दांड्याला) घासू शकतो. मग चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लावा, प्लास्टिक कापा, असा खर्च वाढत जातो. २३५ चा टायर दोन्ही बाजूंनी ५ मिमी आत राहतो. उंचीमुळे पुढे-मागे तोही लागू शकतो, पण आतल्या बाजूला मोकळीक मिळते.

'वाळूत रुंदच हवा' हे मला अर्धंच पटतं. वाळूत गाडी तरते ती मुख्यतः हवा कमी केल्यामुळे, आणि हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. तरी सतत मऊ वाळूतच फिरणाऱ्याने २६५ घ्यावा. तो तिथे खरोखर उपयोगी आहे. चिखलाखाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून तिथवर पोचतो आणि पकड घेतो. तळच नसलेल्या दलदलीत रुंद बरा. दगडगोट्यांच्या वाटेवर अरुंद टायर दोन दगडांमधून नेमका नेता येतो.

मिश्र वाटांवर सामान लादून लांब जाणाऱ्याला मी २३५/८५ च सुचवेन. हा आकार बहुतेक जड भाराच्या बांधणीत मिळतो. टायरवर छापलेला भारक्षमतेचा आकडा, म्हणजे लोड इंडेक्स, १२० असेल तर एक टायर १४०० किलो पेलतो, १११ असेल तर १०९०. अशा टायरची साइडवॉल ताठ असते. दारावरच्या स्टिकरवरचा हवेचा दाब मूळ टायरसाठीच लिहिलेला असतो, नव्या टायरचा दाब कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा.

पाचही टायर एकाच आकाराचे घ्या. वेगळ्या उंचीची स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्हमध्ये कडक रस्त्यावर चालवली तर पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. आणि पैसे देण्याआधी एकच टायर पुढे चढवून पाहा: स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, ते चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन दाबा आणि कुठे घासतंय ते बघा. मग तोच टायर स्टेपनीच्या जागी बसतो का, तेही.