चंदनाचा म्हणून घरी आलेला वेणुगोपाळ

म्हैसूर-उटीच्या सहलीला जाणाऱ्यांनी हे निघण्याआधी वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. तिथल्या एका दुकानात ‘अस्सल चंदनाची, हातानं कोरलेली’ म्हणून कृष्णाची मूर्ती आम्हाला साडेसोळा हजारांना विकली गेली. त्या मूर्तीत चंदन नाही आणि कोरीवकामही नाही. लाकडाचा भुसा कालवलेलं रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं एक प्रकारचं प्लास्टिक, साच्यात ओतून ती केलेली आहे. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलं आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हे कसं घडवून आणतात ते सविस्तर सांगते.

नवं घर झालं, तेव्हा देवघरात एक तरी लाकडी मूर्ती हवी असं सासूबाईंच्या मनात होतं. त्यांचं माहेर सावंतवाडीचं. चितार आळीत लाकडाला आकार देणारे हात बघत त्या वाढल्या. ‘पुरीचा जगन्नाथसुद्धा लाकडाचाच की,’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. म्हैसूरला गेल्यावर चंदनाची मूर्ती घ्यायची, हे घरूनच ठरलं होतं.

राजवाडा बघून झाल्यावर गाडीवाल्यानं परस्पर एका दुकानापाशी गाडी थांबवली. ‘गव्हर्नमेंट एम्पोरियम है, फिक्स रेट है.’ पाटीवर राज्याचं नाव ठळक, त्याखाली ‘हस्तकला’, ‘एम्पोरियम’ वगैरे. कर्नाटक सरकारच्या हस्तकला महामंडळाची दुकानं ‘कावेरी’ या नावानं चालतात आणि म्हैसुरात ते सयाजीराव रोडवर आहे. बाकी कुणीही दुकानाला एम्पोरियम म्हणू शकतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गिऱ्हाईक आणून दिलं की गाडीवाल्याला कमिशन मिळतं. आमच्या गाडीवाल्याला काउंटरमागच्या माणसानं काय दिलं ते माझ्या नवऱ्यानं समोर पाहिलं.

दारातच एक कारागीर चटईवर बसून हत्ती कोरत होता. खरा कारागीर, खऱ्या पटाश्या, पुढ्यात सोललेल्या लाकडाचा ढीग. सेल्समननं त्या ढिगातली एक ढलपी उचलली, काडीनं पेटवली आणि आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातात दिली. घमघमाट सुटला. ती ढलपी चंदनाचीच होती, याबद्दल मला आजही शंका नाही. मग ‘या मावशी, आत या’ म्हणत त्यानं आम्हाला काचेच्या कपाटांपाशी नेलं. दारातल्या लाकडाचा आणि कपाटातल्या मालाचा काही संबंध असतो असं कुणी म्हटलेलं नसतं. तो संबंध आपल्या मनात आपोआप जुळावा, यासाठीच त्या माणसाला दारात बसवलेलं असतं.

वेणुगोपाळाची मूर्ती फूटभर उंच, पायाची अढी घातलेली, मागे झाडाची प्रभावळ. तळव्यावर चोळली तर वास येत होता. वजनदार होती. सेल्समननं त्याच मालातला एक छोटा गणपती पाण्याच्या ग्लासात सोडला. तो तळाशी जाऊन बसला. ‘बघा, नकली लाकूड तरंगतं, चंदन बुडतं.’ शेवटी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं.

आता त्या ग्लासाबद्दल, कारण ही युक्ती फार जणांना पटते. चंदनाचा गाभा जड असतो, पण वाळल्यावर त्याची घनता पाण्याहून थोडी कमीच राहते. म्हणजे तुकडा जवळजवळ पूर्ण बुडेल, पण सहसा तरंगेल. दगडासारखा तळाशी गेला तर उलट संशय घ्यायला हवा. भुसा आणि पावडर घातलेलं रेझिन पाण्यापेक्षा जड असतं, ते खाली जाणारच. आम्हाला खरेपणाचा पुरावा म्हणून जे दाखवलं, तोच खोटेपणाचा पुरावा होता.

दिवाळीपर्यंत वास जवळपास गेला. दुकानाच्या माणसानं ‘थंडीत वास कमी होतो’ असं आधीच सांगून ठेवलं होतं. हेही साफ खोटं. चंदनाचा वास गाभ्यात असतो, वरून लावलेला नसतो. वर्षानुवर्षं पडून असलेलं खोड सहाणेवर दोन थेंब पाण्यात उगाळलं तरी वास येतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

कार्तिकात आई रोज पहाटे निरांजन मूर्तीच्या पायाशी ठेवायच्या. एके दिवशी त्यांनी मला बोलावून अढी घातलेल्या पायाचा अंगठा दाखवला. अंगठा तपकिरी पडला होता आणि त्यावर बारीक फोड आले होते. लाकूड भाजलं तर काळं पडतं, कोळसा होतो, त्याला फोड येत नाहीत. नाक जवळ नेलं तर शर्टाचं बटण जळल्यासारखा वास. आई काही बोलल्या नाहीत. निरांजन उचलून बाजूला ठेवलं आणि तशाच बसून राहिल्या.

मूर्ती घेऊन मी सांगलीतच देव्हाऱ्यांचं आणि मखरांचं कोरीवकाम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी तिला हातात धरून नुसती उलटसुलट फिरवली, मग म्हणाले, ‘वहिनी, ह्यात पटाशीचा एक तरी घाव दावा मला.’

मग त्यांनी जे दाखवलं ते प्रत्येकानं डोळ्याखालून घालावं असं आहे. तळाला हिरवं मखमली कापड चिकटवलं होतं. ते सोलल्यावर खाली एकसारखा भुरकट पृष्ठभाग निघाला आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. ओततानाचे हवेचे बुडबुडे. लाकूड आडवं कापलं तर त्याच्या तोंडावर वर्तुळाच्या रेषा, निदान त्यांचा तुकडा तरी दिसतो. इथे काहीच नव्हतं. मग भिंग देऊन त्यांनी काखेपासून पीठापर्यंत उतरणारी केसाएवढी रेघ दाखवली. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली ती रेघ, कानशीनं घासून वर पॉलिश मारलेली.

सगळ्यात पटलं ते रेषांचं. लांबून बघितलं तर मूर्तीवर लाकडाच्या रेषा होत्या. पण खरी मूर्ती एका ओंडक्यातून निघते, त्यामुळे रेषा ज्या दिशेनं कपाळावर जातात त्याच दिशेनं छातीवर, हातावर, बासरीवर जातात. मूर्ती कशीही वळली तरी लाकूड आपली दिशा सोडत नाही. आमच्या मूर्तीत चेहऱ्यावरच्या रेषा गालाच्या गोलाईनं वळल्या होत्या, हातावरच्या हाताच्या लांबीनं आणि बासरीवरच्या बासरीच्या लांबीनं. म्हणजे कुणीतरी त्या ब्रशनं काढल्या होत्या.

यंत्रावर कोरलेल्या मूर्तीबद्दलही त्यांनी सांगितलं. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, यंत्राचं काम लाकडातच असतं, ते विकण्यात काही गैर नाही, फक्त ‘हातकोरीव’ म्हणून विकू नये. साधं यंत्र वरून खाली कोरतं. त्यामुळे बासरीच्या मागची, हात आणि छाती यांच्यामधली पोकळी त्याला नीट पोखरता येत नाही. खाचांच्या तळाशी समांतर बारीक ओळी राहतात. आणि दुकानात त्याच मूर्तीच्या शेजारी दुसरी ठेवून बघितली तर डोळ्याच्या पापणीपर्यंत दोन्ही सारख्या. हातानं केलेल्या दोन मूर्ती इतक्या सारख्या होऊच शकत नाहीत.

घरी येऊन मी बिल काढलं. त्यावर ‘हॅण्डीक्राफ्ट आयटम’ एवढंच लिहिलं होतं. चंदन नाही, लाकूड नाही, हातकाम नाही. पण एचएसएन कोड होता, आणि तो होता ३९२६. जीएसटीमध्ये प्रत्येक वस्तूच्या प्रकाराला कोड असतो. लाकडी मूर्ती आणि शोभेच्या वस्तू ४४२० मध्ये येतात. ३९२६ हा प्लास्टिकच्या वस्तूंचा. गिऱ्हाइकाला तोंडानं चंदन सांगितलं आणि सरकारला लिहून दिलं प्लास्टिक. हा कागद दुकानदारानं स्वतः आमच्या हातात दिलेला आहे. मूर्ती घेताना बिलावरचे हे चार आकडे वाचा. बिलावर कोड नसेल तर लिहून मागा.

प्रमाणपत्रावर ना दुकानाचं नाव, ना लाकडाचं, ना कुणाची सही. नुसता शिक्का आणि इंग्रजीत ‘चंदन कलाकृती’. यूपीआयचे पैसे गेले ते दुकानाच्या नावावर नाही, भलत्याच माणसाच्या नावावर.

आता किमतीचा हिशोब. मूर्ती दोन किलोच्या वर भरते. चांगल्या प्रतीच्या चंदनाच्या गाभ्याचा भाव किलोला दहा हजारांच्या पुढे आहे. म्हणजे नुसत्या लाकडाचेच पैसे आम्ही दिलेल्या रकमेच्या पुढे जातात. त्यात छाटणीत वाया जाणारं लाकूड आणि कारागिराची मजुरी धरलेलीच नाही. चंदन इतकं महाग का, त्यालाही कारण आहे. झाड सावकाश वाढतं, गाभा भरायला दशकं लागतात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वासच नसतो. टिपू सुलतानानं १७९२ मध्ये त्याला राजवृक्ष ठरवलं, तेव्हापासून म्हैसूर संस्थानात आणि पुढे कर्नाटकात, स्वतःच्या शेतातल्या चंदनावरही मालकाचा हक्क नव्हता. तो २००१ च्या कायदादुरुस्तीनं मिळाला. आजही तोड आणि वाहतूक वनखात्याच्या परवानगीशिवाय होत नाही. असं लाकूड रस्त्याकडेच्या दुकानात फूट-फूटभर मूर्तींच्या रांगा लावण्याइतकं येणार कुठून?

तीच गोष्ट रक्तचंदनाची. तिरुपतीच्या बाजूला शेषाचलमच्या डोंगरांत वाढणारं हे झाड वेगळंच आहे, त्याला चंदनाचा वास नसतो. ‘सुगंधी रक्तचंदनाची मूर्ती’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघावं. पाण्यात लाल रंग उतरतो म्हणून दाखवतील, पण रंग कशाचाही उतरतो.

मला पैशांपेक्षा जास्त राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. कर्नाटकात सागर, सोरब, सिर्सी या भागांत गुडिगार समाजाची घराणी पिढ्यान्‌पिढ्या चंदनात आणि शिवणीत मूर्ती कोरत आली आहेत. आपल्याकडेही शिवण ओळखीचीच. हलकं, फिक्या रंगाचं, सहसा न तडकणारं लाकूड, कोरायला चांगलं. त्यांची शिवणीची वेणुगोपाळाची मूर्ती ‘शिवणीची आहे’ असं सांगून विकायला ठेवली तर शेजारची ‘चंदनाची’ तेवढ्याच पैशांत बघून गिऱ्हाईक तिकडे वळतं. त्या माणसाचे आठवडे जातात एका मूर्तीत. त्याच्या नावावर, त्याच्या गावाच्या नावावर साच्यातला माल खपतो, आणि नंतर फसलेले लोक ‘म्हैसूरचं सगळं खोटं’ म्हणून त्यालाच नावं ठेवतात. ते होऊ नये.

दुकानात फोन केला तर आधी ‘मूर्ती घेऊन या, बदलून देतो’. सांगलीहून म्हैसूर! मी एचएसएन कोडचं बोलले तसा सूर बदलला. ‘मॅडम, बिलावर चंदन लिहिलंय का कुठे?’ त्यानं स्वतःच कबूल केल्यासारखं झालं. म्हणून कुणी लाकडाची मूर्ती घेत असेल तर मी एवढंच सांगते: बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या. लाकडाचं नाव, अखंड की जोडाची, हातकाम की यंत्रकाम. ज्याचा माल खरा आहे त्याला हे लिहायला काही जड जात नाही. आम्ही आता त्याच मिस्त्रींकडे शिवणीचा वेणुगोपाळ सांगितला आहे. आगाऊ पैशांच्या पावतीवर त्यांनी न मागता लिहून दिलं: शिवण, अखंड, हातकाम, प्रभावळ वेगळी जोडणार. वास येणार नाही हेही तोंडी सांगितलं.

ज्यांच्या बाबतीत असं झालं आहे त्यांच्यासाठी पुढचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवली की दुकानदाराला विचारणा जाते. आमच्या दुकानदारानं त्यानंतर अर्धी रक्कम परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच, तक्रार मागे घ्यायची. आम्ही नाही म्हणालो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, त्यामुळे म्हैसूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी नाही. फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज द्यावा लागतो, तो ऑनलाइनही देता येतो. बिल, प्रमाणपत्र, यूपीआयच्या नोंदीचा फोटो, दुकानाच्या पाटीचा फोटो, सगळं जपून ठेवा. सहलीतल्या फोटोंत पाटी आली असेल तर तोही पुरावा.

आणि मूर्ती टाकून देऊ नका, विसर्जनही करू नका. आईंना ती पाण्यात सोडायची होती. घरी पूजा झालेली वस्तू कपाटात ठेवायची हे त्यांना पटत नव्हतं. पण वस्तूच्या दर्जाचा वाद असेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि बंगळूरला लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत लाकूड कोणतं आहे याची तपासणी होते. आमच्या अर्जात ती मागणी केली आहे. मूर्ती आणखी खरवडू नका, उघडलेल्या तळाचे आणि भाजलेल्या अंगठ्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा, असं वकिलांनी सांगितलं, तसं केलं आहे. मिस्त्री लेखी अभिप्राय द्यायला तयार आहेत. म्हैसूरच्या त्या बाजूला घेतलेल्या मूर्तीच्या बिलावर कुणाला ३९२६ दिसला, तर त्यांनीही आपापल्या जिल्ह्यात अर्ज द्यावा.