पायथन-ओरॅकलडीबीचा थिन मोड: इन्स्टंट क्लायंटची कटकट गेली

पायथनमधून ओरॅकल डेटाबेसला जोडायचं असेल तर सरळ पायथन-ओरॅकलडीबी हा ड्रायव्हर (दोघांना जोडणारं पॅकेज) घ्या. जुनं सीएक्स-ओरॅकल होतं ना, त्याचंच हे पुढचं रूप, २०२२ मध्ये नवीन नावाने आलं आणि सोबत थिन मोड (ओरॅकलच्या क्लायंट लायब्ररीशिवाय चालणारी पद्धत) आला, तो तर मला फार म्हणजे फारच आवडलाय. आधी कसं होतं, पॅकेज पटकन बसायचं पण मग इन्स्टंट क्लायंट, म्हणजे ओरॅकलच्या क्लायंट लायब्ररी, डाउनलोड करा, अनझिप करा, ३२ बिट की ६४ बिट ते बघा, विंडोजवर पाथमध्ये टाका, लिनक्सवर लायब्ररी पाथ द्या, आणि एवढं करून डीपीआय-१०४७ (क्लायंट लायब्ररी सापडत नाही) हा एरर आला की परत पहिल्यापासून, तेही ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर. आता ड्रायव्हर स्वतःच सर्व्हरशी बोलतो, क्लायंट लायब्ररी लागतच नाही, डॉकर इमेज पण छोटी होते.

होस्ट, कोलन, पोर्ट (बहुतेक ठिकाणी १५२१), स्लॅश, सर्व्हिस नेम (डेटाबेस ज्या नावाने जोडणीसाठी मिळतो ते), एवढी एक जोडणीची ओळ दिली की झालं. टीएनएसनेम्स फाइल (जोडणीची माहिती लिहून ठेवलेली) असेल तर तिचा फोल्डर सांगा, तीही वाचतो, पण मी एका ओळीच्याच बाजूचा, कारण त्या फाइलीत एक कंस चुकला तरी जोडणी अडते आणि मशीनवर दोन-तीन ओरॅकल होम (ओरॅकल इन्स्टॉल केलेले फोल्डर) असतील तर नक्की कुठली फाइल वाचली जातेय तेच कळत नाही. फक्त स्लॅशनंतर सर्व्हिस नेमच द्यायचं, एसआयडी (डेटाबेस इन्स्टन्सचं नाव) नाही, डीबीएकडून (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडून) नाव घेतानाच हे विचारून घ्या. एसआयडीच मिळाला तर त्याला वेगळा पॅरामीटर आहे.

एररचे मेसेज पण बरेच स्पष्ट आहेत. डीपीवाय-६००५ (डेटाबेसला जोडता आलं नाही) दिसला की तिथेच थांबू नका, पुढचं वाक्य वाचा. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाहीये, टाइमआउट म्हणजे बहुधा फायरवॉल, आणि डीपीवाय-६००१ म्हणजे लिसनर (सर्व्हरवर जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) भेटला पण ती सर्व्हिस त्याच्याकडे रजिस्टर नाही. मधली फायरवॉल रिकामं बसलेलं कनेक्शन तोडत असेल तर जोडणीच्या त्याच ओळीच्या शेवटी एक्सपायर टाइम (दर किती मिनिटांनी कनेक्शन जिवंत आहे का ते तपासायचं) मिनिटांत द्या, खूप उपयोगी आहे, लोकांना माहीतच नसतं.

आता अडचणी. थिन मोडला डेटाबेस १२.१ किंवा पुढचा लागतो, तुमच्याकडे अजून ११जी (ओरॅकलची जुनी आवृत्ती) असेल तर थिक मोड (क्लायंट लायब्ररी वापरणारा), म्हणजे परत इन्स्टंट क्लायंट आलाच. आणि सर्व्हरवर ओरॅकलचं नेटिव्ह नेटवर्क एन्क्रिप्शन (जोडणीतला डेटा गुप्त ठेवण्याची ओरॅकलची स्वतःची पद्धत) सक्तीचं केलेलं असेल तरी थिन चालत नाही, त्यामुळे कोड बदलायला घेण्याआधी या दोन गोष्टी डीबीएला विचाराच. डीबीए तयार असेल तर त्याऐवजी टीएलएस (वेबवर https साठी वापरतात तेच एन्क्रिप्शन) लावून घ्या, पोर्ट तेवढा वेगळा येतो, सहसा २४८४, आणि थिन मोड सोडावा लागत नाही.