धर्म आणि विज्ञानकथा : बारा शनिवारांचा अभ्यासक्रम

दक्षिण मुंबईतील एका महाविद्यालयाचा धर्म आणि विज्ञानकथा या विषयावरील प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. बारा शनिवार, दुपारी अडीच ते साडेपाच. विज्ञानकथेत धर्म आला की तो अंधश्रद्धेच्या रूपात येणार आणि शेवटी विज्ञानापुढे हरणार, अशी समजूत घेऊन मी गेले होते. ती दुसऱ्याच शनिवारी मोडली.

त्या दिवशी आर्थर सी. क्लार्क यांची १९५३ सालची ‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ ही कथा होती. तिबेटमधील मठातले लामा ईश्वराची सर्व नावे लिहून काढण्यासाठी संगणक मागवतात, कारण ती यादी पूर्ण झाली की सृष्टीचे प्रयोजन संपेल, अशी त्यांची श्रद्धा असते. कथा आदल्या आठवड्यात वाचायला दिलेली होती. ती वाचून आलेल्या एका बाईंनी पिशवीतून आपल्या सासूबाईंची नामजपाची वही काढली. लाल शाईने, ओळीला तीनदा, ‘श्रीराम जय राम जय जय राम’. प्रत्येक पानाच्या तळाशी त्या पानापर्यंतची बेरीज. ‘हे काम यंत्राला देता आले असते का?’ एवढेच त्यांनी विचारले. प्राध्यापकांनी टिपणे मिटली आणि उरलेला सारा वेळ त्या वहीला दिला. सहस्रनामात नावे निरनिराळी असतात, म्हणून त्यांची यादी करता येते आणि ती कधीतरी संपतेही. जपात नाव एकच असते. संख्या आपल्याकडेही आहे, समर्थ रामदासांनी टाकळीला तेरा कोटी जप केल्याचे परंपरा सांगते, पण ती माळ ज्याची त्यानेच ओढायची असते. धर्माचा असा नेमका अभ्यास मी यापूर्वी वर्गात झालेला पाहिला नव्हता.

वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ या कादंबरीला तीन शनिवार मिळाले आणि ते योग्यच होते. अणुयुद्धानंतर वाळवंटातील एक मठ विज्ञानाचे उरलेसुरले कागद शतकानुशतके जपतो. एका अभियंत्याच्या हातची वाणसामानाची यादीसुद्धा तिथे पवित्र ठरते. आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत सांभाळणाऱ्या महानुभावांच्या मठांची आठवण या वेळी व्हायलाच हवी होती, पण ती कोणी काढली नाही.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. अभ्यासक्रमातला धर्म बहुतांशी ख्रिस्ती होता. रॉजर झेलाझ्नी यांच्या १९६७ च्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ या कादंबरीत परग्रहावर वसलेली माणसे तंत्रज्ञानाच्या बळावर हिंदू देवतांची रूपे घेऊन राज्य करतात. तिला जेमतेम अर्धा तास मिळाला. मराठी विज्ञानकथा शेवटच्या शनिवारी चाळीस मिनिटांत उरकली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती, एवढा किस्सा सांगून तास संपला. परिषदेचे विज्ञान भवन चुनाभट्टीला आहे. एक शनिवार तिथे नेला असता तर फार बरे झाले असते.

वाचन सगळे इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी घाबरू नये, मात्र आठवड्याचे तीन-चार तास राखून ठेवावेत. क्लार्क यांची कथा एका बैठकीत होते. ती वाचून, आणि घरात कोणाची नामजपाची वही असल्यास ती सोबत घेऊन जावे.